तोंडी परीक्षा राहिली

मामाजी,

तुमच्याशी मी आज पहिल्यांदा बोलते आहे. सहा वर्षं आपण एका छपराखाली राहिलो, रोज दोन वेळा तुमच्या ताटात भाकरी वाढली, आणि तुम्हाला उद्देशून माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. भिंतीआडून माझी कुजबूज तुमच्या कानावर आली असेल, हातून भांडं पडलेलं ऐकलं असेल. पण 'मामाजी' अशी हाक मी मारली नाही. आता मारते आहे तर ओ द्यायला तुम्ही नाही. आज नववा दिवस.

भेटायला येणारे लोक तुमच्या नोकरीचं बोलतात. लोधीखेड्याच्या शाळेत किती वर्षं काढली, हाताखालून किती पोरं गेली, त्यातला कोण पटवारी झाला, कोणाचं पांढुर्ण्याला दुकान निघालं. हे, तुमचे चिरंजीव, ओसरीत बसून मान डोलवतात. मी आत चहाचं आधण ठेवते आणि मला वाटतं, या सगळ्यांना तुम्ही तोंडानं शिकवलंत. पाटीवर शिकवलंत ते मला एकटीला.

ऐंशी साली मी लग्न होऊन वरूडकडून या गावात आले तेव्हा चौथी पास होते. पाचवीला घातलं नाही, कारण शाळा पुढच्या गावात होती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, खाटेवर बसायचं नाही, बोलायचं नाही, ही रीत मी माहेराहूनच बांधून आणली होती. घरात लहान मूल असतं तर त्याच्या तोंडून निरोप पाठवता आला असता. तेही नव्हतं. तुम्हाला जेवायला बोलवायचं तर मी दारात लोटा जरा जोरात ठेवायची. तुम्ही समजायचे.

मग एक दिवस तुम्ही मला पकडलंत. किराण्याबरोबर आलेला वर्तमानपत्राचा कागद चुलीत घालायला घेतला होता आणि घालायचा सोडून मी तो वाचत बसले होते. वर दूध उतू गेलं. तुम्ही दारातून पाहिलंत आणि खाकरून निघून गेलात. मला वाटलं, आता सासूबाईंना सांगतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीच्या कोनाड्यात शाळेतली जुनी पाटी ठेवलेली. वर तुमचं ते वळणदार अक्षर: 'वाचता येते तर कागद जाळतेस कशाला? त्यात काय लिहिले होते ते पाच वाक्यांत लिही.'

मी दिवसभर त्या पाटीकडे पाहिलंच नाही. संध्याकाळी लिहिलं, 'दूध सांडले ते आठवते. कागद आठवत नाही.' सकाळी उत्तर आलं: 'दोन वाक्ये झाली. तीन बाकी.'

असा आपला गृहपाठ सुरू झाला. सकाळी तुम्ही पाटी ठेवायचे, दिवे लागायच्या आत मी परत कोनाड्यात ठेवायची. धडा वाच, प्रश्नांची उत्तरं लिही, शुद्धलेखन दहा ओळी, गणितं चार. सासूबाई म्हणायच्या, "आता म्हतारपनी सुनेची शाळा भरवून राहिले का?" तुम्ही म्हणायचे, "शाळा नाही वं. गावात अंगनवाडी निघून राहिली. पाचवी पास बाई पाहिजे म्हणते. घरातच हाय तं बाहेरून कायले आणायची?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आत ज्वारी पाखडत होते. सूप हातातच राहिलं. माझ्याबद्दल कोणी इतकं पुढचं काही ठरवलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

भांडलोसुद्धा आपण, आठवतं? तुम्ही निबंध दिला होता, 'माझे गाव'. मी माझ्या माहेराबद्दल लिहिलं. विहीर, चिंच, काकूचं घर, सगळं. तुम्ही खाली लिहिलंत, 'हे गाव तुझे नाही काय?' मला राग आला. मी लिहिलं, 'अजून नाही.' त्या दिवशी भाकरीही जरा जाडच थापल्या. दोन दिवस पाटी कोरी राहिली, तिसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलंत, 'बरोबर आहे. गाव व्हायला वेळ लागतो. शुद्धलेखनात मात्र तीन चुका.' मी पदर तोंडाला लावून हसले होते. तुम्हाला ते दिसलं नाही. तुम्हाला माझं काय काय दिसलं नाही, त्याची मोजदाद मी आता करत बसते आणि मला वेड लागायची पाळी येते.

अपूर्णांकाचं तुम्हाला भारी वेड. सकाळी खाटेवर बसून मोठ्यानं म्हणायचे, 'एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक.' माझ्यासाठीच म्हणायचे, पण तोंड बैलांकडे. बैलांनाही पाठ झाली असेल. पावकी, निमकी, पाऊणकी मी भाकरी थापता थापता शिकले. पण भागाकारापाशी आपलं अडलं. अर्ध्याला अर्ध्यानं भागलं तर उत्तर एक, असं पुस्तकात होतं. मी प्रत्येक वेळी चतकोर लिहायची. तुम्ही फुली मारायचे. मी पुन्हा चतकोर. एकदा चिडून लिहिलं, 'अर्धी भाकरी वाटली तर कमी होते. अख्खी कशी होईल?'

त्यावर तुम्ही काही लिहिलं नाही. पाटी पुसून ठेवलीत, आणि दुपारी ओसरीतून, आतल्या दाराकडे पाठ करून म्हणालात, "सूनबाई, हे पाटीवर समजत नसते. तोंडानं विचार, मी तोंडानं सांगतो. एका मिनटाचं काम हाय."

मी चुलीसमोर बसले होते. ओठ हलले, देवाशपथ हलले. पण आवाज निघाला नाही. तुम्ही काठी घेऊन बाहेर पडलात.

आता कळतं की ते गणित तुम्ही मुद्दाम सोडवून दिलं नाही. आमिष लावून बसला होतात. मीही अशी हट्टी की आमिषाला तोंड लावलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "नियमच हाय तसा, पाठ कर." मला नियम नको होता, मला तुम्ही सांगितलेलं हवं होतं. आता ते मी कोणालाच विचारणार नाही.

वाचनाचंही तेच. लिहिलेलं पाटीवर तपासता येतं, वाचलेलं कसं तपासणार? तुम्ही तोड काढलीत. ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, "मी नाहीच इथं समज. भिंत समज. वाच तिसरा धडा." मी आत पुस्तक उघडून बसायची. डोळे ओळीवरून फिरायचे, बोट फिरायचं, पान उलटायचं. पानाचा आवाज तुम्ही ऐकायचे. तास तास बसायचे हो तुम्ही. उन्हाळ्यात भिंत तापलेली असायची तरी बसायचे. मग हळूच म्हणायचे, "झालं वाटते," आणि उठायचे. कधी रागावला नाहीत. एकदा रागावला असतात तर कदाचित मी बोलले असते. असं आता म्हणते. मेल्यावर माणसाच्या डोक्यावर काय वाट्टेल ते घालता येतं.

परीक्षेला तुम्हीच नेलंत. पांढुर्ण्याला, प्रायव्हेट म्हणून. लेखी चांगली गेली. दुसऱ्या दिवशी तोंडी. एका वर्गात टेबलामागे गुरुजी बसलेले. मी आत गेले, पदराच्या फटीतून पाहिलं आणि पदर आणखी खाली ओढला. ते ह्यांचे चुलत मोठे भाऊ होते, म्हणजे नात्यानं माझे भासरे. सासऱ्याशी सून एक वेळ बोलेल, पण भासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, ही आमच्याकडची गोष्ट तुम्हाला काय सांगू. त्यांनीही ओळखलं असावं. मान खाली घालून पुस्तक पुढे सरकवलं. "वाचा," म्हणाले. थांबले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा तर इतक्या हळू म्हणाले की त्यांचीच परीक्षा चालली आहे असं वाटावं. समोरची ओळ मला पाठ होती. एका झाडावर दोन पोपट राहत होते, एवढीच ओळ. मी वाचली नाही. तोंडीत शून्य मिळालं, आणि तोंडी गेली म्हणजे सगळंच गेलं.

परतीच्या बसमध्ये तुम्ही पुढच्या सीटवर, मी मागे. सौसर येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. मग मागे न वळता म्हणालात, "लेखी तुयी होती, त्यात तू पास हायस. तोंडी मायी होती. मी नापास झालो."

मामाजी, त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. 'नाही' एवढं तरी. बसमध्ये कोण ओळखीचं होतं? एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर कोंबडी होती. मी तुमच्या मानेकडे पाहत राहिले. तुमच्या सदऱ्याची कॉलर मीच उलटी करून शिवलेली. तुम्ही हरलात असं म्हणालात आणि मी तुम्हाला हरू दिलं.

त्यानंतर तुमचे डोळे गेले. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला. तुम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं. कडेकडेनं अंधार येत होता तरी पाटीवर लिहीत होतात. अक्षर वाकडं व्हायला लागलं तेव्हा मला वाटलं, वय झालं. मी पाटीवर लिहिलंसुद्धा होतं, 'अक्षर सुधारा.' गंमत केली होती. ते शेवटचं वाक्य असेल बहुतेक, जे तुम्ही माझं वाचलं. मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

मग पाटीचा उपयोग संपला. आपल्यात तेवढंच एक होतं, तेही गेलं. कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, पुरे झालं शिकणं. तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या तोंडी गणित घालायला लागलात. "सूनबाई, एका भाकरीतून पाव काढला. उरल्याचा अर्धा किती?" मी पाटीवर उत्तर लिहिलं आणि तशीच उभी राहिले. पाटी तुमच्यासमोर धरून. केव्हा तरी माझ्या लक्षात आलं की मी आंधळ्या माणसाला पाटी दाखवते आहे. आत गेले, भाकरी तोडली, एक चतकोर आणि एका चतकोराचा अर्धा असे दोन तुकडे तुमच्या तळहातावर ठेवले. तुम्ही बोटांनी चाचपलंत. कडा मोजल्या. आणि असे हसलात, मामाजी, असे हसलात. "बरोबर," म्हणालात आणि उत्तर खाऊन टाकलंत.

ते दिवस चांगले होते. हे बोलायला लाज वाटते, पण चांगले होते. रोज दुपारी तुम्ही अपूर्णांक विचारायचे आणि मी भाकरी तोडायची. चुकलं तर तुम्ही तुकडा परत हातात ठेवायचे. सासूबाई म्हणायच्या, "जेवून राहिले का खेयून राहिले?" एकदा तुम्ही पुन्हा ते विचारलं, अर्ध्याला अर्ध्यानं. मी चतकोर ठेवला. तुम्ही तो बराच वेळ हातात धरून बसलात. मग म्हणालात, "बाई, मायाजवळ आता लई दिवस नाहीत. एकडाव आवाज ऐकू दे. धडा नोको वाचू. काईही बोल. शिव्या दे पाहिजे तं."

मी तुमच्या पायाशी उभी राहून रडले. आवाज न करता रडायची मला सवय होती.

बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, असं तुम्हीच एकदा शुद्धलेखनाला दिलं होतं. दहा वेळा लिहिलं मी. पालथ्या घड्यावर पाणी.

आता त्या सकाळचं लिहायला हवं. हे संत्र्याच्या तोड्याला मळ्यात गेले होते. सासूबाई नदीवर. चार दिवसांपासून तुम्हाला ताप होता, पण रात्री उतरला होता, पेजही प्यालात. मी आत कणीक मळत होते. बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. तुम्ही हाक मारली, "कोनी हाय का?"

मी उठून दारात आले. तुम्ही खाटेवर उठून बसायला पाहत होतात आणि हात हवेत काही तरी शोधत होता. श्वासाला घरघर होती. "कोनी हाय का घरात?" मी दोन हातांवर होते, मामाजी. एवढ्या जवळ. एरवी बांगड्यांवरून तुम्ही मला ओळखायचे, पण त्या वर सारलेल्या, वाजल्या नाहीत. हाताला कणीक. मी कणकेच्या हातानं तुमचा हात धरला असता तरी चाललं असतं. मी काय केलं? पदर सारखा केला. तुम्हाला दिसत नव्हतं, तरी पदर सारखा केला.

तिसऱ्यांदा तुम्ही हाक मारली नाही. स्वतःशीच म्हणालात, "कोनीच नाही वाटते."

मी पळाले. मळ्यापर्यंत अनवाणी पळाले, बांधावरून ह्यांना ओरडून हाक मारली. ओरडले! सगळ्या मळ्यानं माझा आवाज ऐकला, तोडणाऱ्या बायांनी ऐकला. फक्त ज्यांना हवा होता त्यांनी नाही. आम्ही परत आलो तेव्हा तुमचा हात खाटेखाली लोंबत होता आणि माझी परात तशीच उघडी पडली होती.

सगळे म्हणतात, सुटले, झोपेत गेले. नाही गेले झोपेत. घर रिकामं आहे असं समजून गेले. आणि घर रिकामं नव्हतं. मला रात्रंदिवस हेच ऐकू येतं. देवळात गेले तरी, मोटेवर गेले तरी. मला वाटतं पुन्हा एकदा विचारा, एकदाच, काय ते एकदाच विचारा. अंगणवाडी नको, पाचवी नको, काही नको. पण कोणी विचारत नाही.

हाकेचं मी फक्त ह्यांना सांगितलं होतं. काल सासूबाईंनी विचारलं. डाळ निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "त्यायनं हाक मारली व्हती म्हणते ना? तू ओ नाही देल्ली?"

मी मान हलवली.

"काऊन?"

मला राग आला. आठ दिवसांचा साठलेला. म्हटलं, "तुम्हीच तं सांगतलं व्हतं, सासऱ्यासंग बोलायचं नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी? मी पदर घेत जाय म्हटलं व्हतं. बोलू नोको असं कवा म्हटलं वं? मी तं सहा वर्सं वाट पाहून राहिली व्हती, आज बोलंल, उद्या बोलंल. मले वाटे तूच मानी हायस."

मी आठवून पाहिलं. लग्नानंतरची पहिली सकाळ आठवली, त्यांचा हात माझ्या पदरावर आठवला. शब्द आठवले नाहीत. कदाचित माझ्या आईनं सांगितलं असेल निघताना. कदाचित कोणीच सांगितलं नसेल आणि मी आपलं चार बायांचं पाहून धरलं असेल. दाराला कडी होती की नव्हती, मी एकदाही ढकलून पाहिलं नाही. सासूबाई आता दुःखात आहेत, त्यांचं ऐकून काय खरं मानू? पण त्या रडल्या ते खरं होतं. "मले सांगायचं तरी," म्हणाल्या. मग दोघी डाळ निवडत बसलो.

आणि आज दुपारी तुमचे एक सोबती आले, लोधीखेड्याहून, तुमच्याच शाळेतले. काठी टेकत. घरात मी एकटीच. त्यांनी दारातून हाक दिली, "कोनी हाय का?"

मी चुलीपासून उठले आणि म्हटलं, "हाय जी, मी हाय. बसा, पानी आनतो."

निघालं तोंडातून. काही झालं नाही, मामाजी. छप्पर पडलं नाही. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. एवढंसं होतं ते. एवढ्याशासाठी मी तुम्हाला एकटं मरू दिलं. गडवा भरताना निम्मं पाणी बाहेर सांडलं.

ते पाणी प्याले. म्हणाले, "तूच का सूनबाई?"

"हाव जी."

"गुरुजी भेटले व्हते मले दिवाळीत, नातवाचं बोट धरून मी आलो व्हतो इथं. लई खुशीत व्हते. म्हणे, डोये गेले तं काय झालं, सून रोज दुपारी धडा वाचून दाखवते. लई गोड आवाज हाय म्हणे तिचा."

तुम्ही असं सांगितलंत? माझ्या आवाजाबद्दल? कुठून आणलात तुम्ही तो आवाज, मामाजी? खाटेवर पडून एकट्यानं बनवलात?

ते मला निरखत होते. डोळे पाणावलेले. "आखरीपर्यंत वाचलं का वं तू त्यायच्यासाठी?"

खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्या माणसासमोर खोटे पडला असतात. एकदा बसमध्ये मी तुम्हाला हरू दिलं होतं.

"हाव," मी म्हटलं. "रोज वाचलं."

त्यांनी कानामागे हात धरला. त्यांना कमी ऐकू येतं. म्हणून मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.